टीव्हीकडे पाठ

प्याला काठोकाठ भरला. झालं ते एवढंच. बुरूलनं तो पुढे केला, तिच्या नवऱ्यानं, एसेननं, टीव्हीवरची नजर न काढता तो हातोहात सरकवला, आणि दारापासून सगळ्यांत लांब, मानाच्या जागी मांडी घालून बसलेल्या ओर्मोन ताइकेंच्या पुढ्यात तो जाऊन पोचला. ताइके म्हणजे सासूचे थोरले भाऊ, ऐंशीला टेकलेले, जिभेला चांगलीच धार असलेले. त्यांनी प्याल्याकडे पाहिलं. चहा इतका वर आला होता, की उचलायला जावं तर बोटं भाजावीत. त्यांनी तो उचललाच नाही. डोक्यावरची लोकरीची उंच टोपी दोन्ही हातांनी ठाकठीक केली, गुडघ्यावर तळवा टेकला आणि म्हणाले, "बरंय. निघतो आम्ही. घरातल्यांना कामं असतील."

"अहो दादा, बसा की! आत्ता तर आलात!" सासू अर्धवट उठली. मग तिचं लक्ष प्याल्याकडे गेलं आणि तिचा चेहरा उतरला. ताइके कुणाचा हात न धरता उठले, बूट घातले, जिना उतरून गेलेसुद्धा. प्याला तसाच वाफाळत राहिला. "अगं, डोळे कुठं ठेवलेस?" सासू बुरूलकडे वळली. "अर्धा प्याला भरायचा, तो संपला की पुन्हा अर्धा, असं माणसाला बसवून घ्यायचं असतं. माझ्या भावाला काठोकाठ भरून देतेस? म्हणजे काय, प्या आणि चालते व्हा? एवढंही तुझ्या आईनं शिकवलं नाही तुला?"

आईनंच तर केलं होतं हे. बुरूल चहा ओतत होती आणि तिच्या उजव्या खांद्यामागून, टीव्हीतून, तिच्या आईचा आवाज आला होता. सहा वर्षांपूर्वी पुरलेल्या आईचा. "लोकर ओली असतानाच मळायची, वाळली की ऐकत नाही मग ती," असा. शेवटचा शब्द थोडा ओढून, नाकातून, जसा आई म्हणायची तसा. बुरूलची मान आपोआप वळली. पडद्यावर दोन हात दिसले, मनगटाशी सुजलेले, ओल्या लोकरीत रुतलेले, आणि ते दिसेदिसेतोवर गेले. कुणीतरी सांगितलं, जुन्या फितींमधून, उद्या दुपारी तीन वाजता. मग साबणाची जाहिरात लागली. तिचा हात मात्र तेवढा वेळ कललेलाच राहिला होता. "अपा," ती सासूला म्हणाली, "टीव्हीवर माझी—" "टीव्ही?" सासू थक्क झाली. "तू कधीपासून टीव्ही बघायला लागलीस?" आणि त्या प्रश्नापुढे बुरूलचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण प्रश्न खरा होता. तिनं तेरा वर्षांत या घरात टीव्ही बघितला नव्हता.

म्हणजे टीव्ही होता, आणि तीही होती. सकाळपासून तो चालू असायचा आणि सकाळपासून ती त्याच खोलीत असायची. पण वडीलधाऱ्यांनी दाराकडे तोंड करून बसायचं, म्हणून टीव्ही दाराशेजारच्या कोपऱ्यात, त्यांच्या समोर. आणि सुनेनं बसायचं दारापाशी, चहादाणी घेऊन, म्हणजे थेट टीव्हीच्या खाली, त्याच्याकडे पाठ करून. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. कुणी ठरवून तिला तिथं बसवलं नव्हतं. खोलीच तशी होती, दार तिथंच होतं, आणि सून काय मानाच्या जागी बसणार? तेव्हा बुरूलनं टीव्ही पाहिला तो लोकांच्या तोंडावर. सासरे जिवंत होते तेव्हा बातम्या लागल्या की ते भुवया चढवून त्या बातम्या देणाऱ्याशी भांडायचे, त्यावरून तिला कळायचं की धान्याचं बोलणं चाललंय की मंत्र्याचं. एसेन मुष्टियुद्ध बघताना पायाची बोटं आवळायचा. बोटं सैल पडली की आपला माणूस हरला. सासूची मालिका तिला सगळी पाठ होती. त्यातली दुष्ट जाऊ बोलायला लागली की सासूचा खालचा ओठ पुढे यायचा, आणि प्रियकर परत आला की ती रुमाल शोधायची. त्या जावेचं तोंड कसं होतं, ते बुरूलला ठाऊक नव्हतं. मनात तिनं तिला सासूचंच तोंड देऊन टाकलं होतं, आणि या गोष्टीची तिला कधीकधी एकटीलाच हसू येईल अशी मजा वाटायची. शेजारणीला सासू कौतुकानं सांगायची, "आमच्या सुनेला टीव्हीचं वेड मुळीच नाही हो. हल्लीच्या मुलींसारखी नाही." शेजारीण म्हणायची, "नशीब लागतं." बुरूल अर्धा प्याला भरून पुढे करायची. वेड आहे की नाही, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तिला काय बघायला आवडलं असतं, हे तिनं कधी ठरवून पाहिलं नव्हतं. एकदाच काहीतरी बघायचं होतं, आणि ते राहून गेलं होतं.

त्याला अकरा वर्षं झाली. मेरिम तेव्हा वर्षाची होती, अंगावर पीत होती. त्या वसंतात बुरूल तिला घेऊन तीन दिवस माहेरी, डोंगरातल्या गावी गेली आणि तीनही दिवस नुसती झोपली. जेवायला उठली, पुन्हा झोपली. आईनं काही विचारलं नाही. फक्त मेरिमला उचलून घेऊन बाहेर फिरवलं आणि येताजाता बुरूलच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. विचारलं असतं तरी सांगण्याजोगं काय होतं? कुणी मारत नव्हतं. कुणी उपाशी ठेवत नव्हतं. नवरा पीत नव्हता. लोक ज्याला दुःख म्हणतात त्यातलं एकही तिच्याकडे नव्हतं. फक्त सकाळी जाग आली की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटे आणि उठून कणीक मळायला घेईपर्यंत ते उतरत नसे. पुढं महिन्याभरानं गावात टीव्हीवाले आले. लोकरीचे गालिचे करणाऱ्या बायका त्यांना हव्या होत्या, आणि आईचा हात तालुक्यात नावाजलेला. पोस्टातून तिचा फोन आला. "मंगळवारी तीन वाजता दाखवणार आहेत मला. बघशील ना?" "बघीन, आई." "नक्की बघ. बाकी कुणी नाही बघितलं तरी चालेल."

त्या मंगळवारी तीनच्या ठोक्याला सासूची मालिका होती. प्रियकर तुरुंगातून सुटायचा होता. बुरूलनं सकाळपासून वाक्य जुळवलं होतं: अपा, आज जरा दोन नंबर लावू या का, माझी आई दिसणार आहे. इतकं सोपं वाक्य. तीनला दहा कमी असताना ते तयार होतं, तीनला पाच कमी असताना शेजारीण आली, तीनला दोन कमी असताना सासू म्हणाली, "चहा टाक गं, सुरू होतंय," आणि मग तीन वाजले. तिला कुणी नाही म्हटलं नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं. मालिकेचं गाणं तिच्या डोक्यावर वाजत होतं आणि त्याच तारेतून, त्याच डब्यात, एक बटण पलीकडे, आई बोलत होती. मग मेरिम रडायला लागली आणि तिला पाजायला ती स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी फोन वाजला. फोन त्याच मोठ्या खोलीत, भिंतीवर, सगळ्यांच्या मधोमध. "पाहिलंस?" आईनं विचारलं. "पाहिलं." सासूनं मान वर केली. "मी म्हणाले ते ऐकलंस?" "ऐकलं." "मग?" आईनं काय म्हटलं असेल? लोकरीचं, रंगाचं, आणखी काय? "छान दिसत होतीस," ती म्हणाली. तारेत बराच वेळ नुसती खरखर झाली. मग आई म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. सासूला ते फारच आवडलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीला तिनं सांगितलं, "आईचं मन कसं राखलं बघा पोरीनं." मन राखलं! त्या "बरं"चा आवाज बुरूल पुढची पाच वर्षं उलटसुलट करून बघत राहिली. त्यानंतर आई फोन करायची, पण मेरिमचं विचारायची, हवेचं विचारायची. माहेरी गेलं तर भांडी विसळता विसळता मध्येच तिच्याकडे बघत राहायची आणि "काय गं?" म्हटलं की "काही नाही" म्हणायची. विचारावं, की तेव्हा तू काय म्हणाली होतीस? पण मग पाहिलं नव्हतं हे सांगावं लागलं असतं. एका लहानशा खोट्यावर दुसरं काही रचलं नव्हतं तिनं, पण त्याला हलवायचीही भीती वाटत होती. आणि मग आईच गेली.

एसेन पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला तेव्हा ती तोच काठोकाठ प्याला मोरीत ओतत होती. "तू टीव्ही बघत होतीस?" त्यानं हसूच आल्यासारखं विचारलं. तिनं सांगितलं. उद्या तीन वाजता आहे, हेही सांगितलं. एसेन गंभीर झाला. तो वाईट माणूस नव्हता. घरातला धाकटा मुलगा, म्हणजे रिवाजानं आईबाप आणि घर दोन्ही त्याच्या वाट्याला आलेलं, आणि त्या वाटणीखाली तोही तिच्यासारखाच चेपलेला. "आईला सांग ना," तो म्हणाला. "तू सांग." "मी? आज? ताइके असे उठून गेले, आता तिच्यापुढे टीव्हीचं नाव काढू?" त्यानं ग्लास उपडा ठेवला. "बरं, बघतो." हे "बघतो" तिला चांगलं माहीत होतं. ते म्हटल्यावर तो विषय त्याच्याकडून संपत असे. अर्ध्या तासानं मोठ्या खोलीतून सासूचा निकाल आला. उद्या सकाळी उठून ताजे बोरसोक तळायचे, ती पिठाची फुगीर भजी, चांगली फडकंभर, आणि दुपारी घेऊन ताइकेंच्या घरी जायचं. एकटीनं. माफी मागायची. "आणि तीनच्या आत पोच," सासू म्हणाली. "चारला झोपतो तो."

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीबसमध्ये मांडीवर गरम फडकं धरून ती बसली होती. बाहेर फेब्रुवारीचा चिखल-बर्फ. एका दुकानाच्या काचेत सहा टीव्ही ओळीनं लावलेले होते आणि सहाहींवर एकच बाई हसत होती. क्षणभर वाटलं, इथंच उतरावं, काचेला नाक लावून तीन वाजेपर्यंत उभं राहावं. पण काचेतून आवाज येत नाही. आणि तिला आईला बघायचं होतं ते नंतर. आधी ऐकायचं होतं. ती उतरली नाही. तिची तिलाच चीड आली. आयुष्यभर आपण कुठल्यातरी थांब्यावर उतरायचं मनात आणतो आणि मांडीवरचं फडकं सावरत पुढे जातो, असं तिला वाटलं, आणि मग ताइकेंचा थांबा आला, तिथं मात्र ती वेळेवर उतरली.

ताइके पाचव्या मजल्यावर एकटेच राहत. बायको गेलेली, मुलगा रशियात. दार त्यांनी स्वतः उघडलं. "आली का!" ते म्हणाले. "थांब, आधी कोट घालतो. तू हाकलायच्या आत तयार असलेलं बरं." बुरूलनं वाकून नमस्कार केला, फडकं पुढे केलं. "ताइके, चुकले. मुद्दाम नाही केलं." "मुद्दाम केलं असतंस तर मला आवडलं असतं," ते म्हणाले. "साठ वर्षांत माझ्या सासूनंसुद्धा हिंमत केली नव्हती. चल, आत ये. नाही, तिथं नाही, तिकडे आत बस. इथं दाराशी मी बसणार. माझ्या घरात चहा मी ओततो, दुसऱ्याचा भरवसा नाही." ते खी खी करून हसले. अशी ती खोलीच्या त्या टोकाला, मानाच्या जागी, जाऊन बसली आणि समोर टीव्ही होता. पूर्ण. चारी कोपरे. घोडेस्वारांचा खेळ चालला होता, धूळ उडत होती, तोंडं उघडत होती, आणि काहीही ऐकू येत नव्हतं.

"आवाज नाही, ताइके?" "कशाला हवाय? पन्नास वर्षं बायकोचं ऐकलं. आता नुसती बघतो माणसं. न ऐकता बघितली की सगळी बरी वाटतात." भिंतीवरच्या घड्याळात तीनला सात कमी होते. ते अर्धा प्याला भरून तिच्यापुढे सरकवत होते, बोरसोक मोडत होते, बहिणीच्या स्वभावाबद्दल काहीतरी सांगत होते. ती मान हलवत होती. वाक्य पुन्हा तयार होतं. तेच वाक्य, अकरा वर्षांपूर्वीचं, एक शब्द बदललेला. तीनला पाच. तीनला दोन. तिला लख्ख कळत होतं, की हेही जाईल. तीन वाजतील, ताइके बोलत राहतील, घोडे पळत राहतील, आणि ती समोर बसून, मान हलवत, पुन्हा एकदा आईला एका बटणापलीकडे बोलू देईल. तीन वाजले. मोठा काटा पुढे सरकला. "ताइके," ती म्हणाली. आवाज फार मोठा आला. म्हातारा दचकला. "दोन नंबर लावा. आणि आवाज चालू करा. माझी आई आहे."

"तुझी आई? ती तर—" "हो. लावा ना!" असं ती कुणाही थोराशी कधी बोलली नव्हती. ताइकेंनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग मांडीखालून रिमोट काढून तिच्या हातात दिला. घरचा रिमोट ती दर शुक्रवारी पुसायची, एकही बटण दाबलं जाणार नाही अशा बेतानं. हा तिच्या हातात जिवंत प्राण्यासारखा वळवळला. पडदा काळा झाला, मग कुठली तरी नाचणारी बाई, मग नुसत्या मुंग्या, मग एकदम आई. बुरूलच्या आठवणीतल्यापेक्षा किती तरुण! डोक्याला ठेवणीतला पांढरा रुमाल, गालावर ते तीळ. ओठ हलत होते. बुरूल बटणं दाबत सुटली, पडद्यावर हिरव्या रेघा एकेक करत वाढल्या आणि शेवटी आवाज आला, इतका मोठा की खिडकी थरथरली.

"मुली दोघी," आई म्हणत होती. "थोरली इथंच. धाकटी शहरात दिलीय." "तीही शिकली का हे काम?" न दिसणाऱ्या माणसानं विचारलं. "शिकली. हात माझ्यापेक्षा चांगला." मग आईनं सुई लोकरीत खोचली. ती त्या माणसाकडे बघायची थांबली आणि सरळ पडद्यातून इकडे बघायला लागली. "बुरूल," ती म्हणाली. "घरी आलीस आणि तीन दिवस झोपलीस तू. मला काय कळत नाही का? तुझी गादी मी नवी भरून ठेवलीय. गाद्यांच्या चवडीत सगळ्यांत खाली आहे. तिकडे जमत नसेल तर ये. पोरीला घेऊन ये. बापाशी बोललेय मी, लोकांचं मी बघते. संध्याकाळी फोन करीन तेव्हा सांग." तो माणूस हसला. "आजी, इकडे माझ्याकडे बघून बोला." "तुझ्याशी नाही बोलत मी," आई म्हणाली, आणि पुन्हा सुई उचलली. मग रंगाची चर्चा सुरू झाली, कुठलं मूळ उकळून कुठला लाल येतो ती.

मग? आईनं फोनवर विचारलं होतं. छान दिसत होतीस. आणि ती खरखर. तेवढ्या खरखरीत आईनं एक अख्खी मुलगी परत पाठवून दिली होती, आणि पाच वर्षं, भांडी विसळताना, ती त्या मुलीकडे बघत होती, हिनं स्वतःच तिकडे राहायचं निवडलं असं समजून. ताइकेंची टीव्हीकडे पाठच होती. त्यांनी वळून पाहिलं नव्हतं, ते सगळा वेळ तिच्याकडे बघत होते, पण ऐकलं सगळं होतं. त्यांनी रिमोट तिच्या हातातून हळूच काढून घेतला आणि आवाज बंद केला. "तेव्हा नव्हतं का पाहिलंस?" तिनं नाही अशी मान हलवली. "माझ्या बहिणीची मालिका असेल," ते म्हणाले. "मी विचारलंच नाही, ताइके. तिनं नाही म्हटलं नव्हतं." त्यांनी रिमोट खाली ठेवला. "गेली असतीस?"

सासूच्या सख्ख्या भावापुढे याला एकच उत्तर असतं, आणि ते तिला येत होतं. "त्याच संध्याकाळी," बुरूल म्हणाली. "मेरिमला पाठीशी बांधून, आहे तशी." आणि मग तिला रडू आलं, मोठ्यानं, तोंड न झाकता, अशी ती आईच्या मयतालाही रडली नव्हती. ताइकेंनी तिला रडू दिलं. मग त्यांना काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून की काय, ते म्हणाले, "गादी तरी असेल ना अजून? भावाकडे असेल. आईच्या हातची आहे, घेऊन ये जाऊन. माझ्या बहिणीला मी सांगतो."

बुरूलनं डोळे पुसले. आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं आणि भावजयीनं गाद्यांची ती चवड उतरवली होती, कारण मढ्याला आंघोळ घालणाऱ्या बायकांना गेलेल्या माणसाच्या वस्तू द्यायच्या असतात आणि त्यांतल्या पाचव्या बाईला द्यायला काही उरलं नव्हतं. सगळ्यांत खाली एक निघाली, लाल साटिनची, जाड, कोरी, तिच्यावर कुणी कधी झोपलंच नव्हतं. भावजयीनं तिच्यावरून हात फिरवला. "ही कुणाची गं?" ती म्हणाली. "कोरी आहे. ठेवायची का?"

"असेल कुणाची तरी," बुरूल म्हणाली होती, आणि गादी उचलून तिनंच त्या बाईच्या हातात दिली होती. "देऊन टाकू. आता इथं राहायला कोण येणार आहे?"